ग्रंथालयात नाही म्हणजे लिहिलंच गेलं नाही?

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "मी इतिहासात पीएच.डी. करतेय. विषय आहे सुईणींचं ज्ञान आणि ते कागदावर कसं उतरलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार महिने शोधूनही फारसं काही हाती लागलं नाही. मार्गदर्शक म्हणतात, एवढ्या मोठ्या ग्रंथालयात नाही म्हणजे दखल घेण्यासारखं लेखन झालेलंच नाही, विषय बदला. ग्रंथालयं ज्ञान जपतात, की कोणतं ज्ञान टिकेल हे तीच ठरवतात? आणि मी विषय बदलू का?"

विषय बदलू नका. निदान या कारणासाठी तरी नकोच. मी सव्वीस वर्षं विद्यापीठीय ग्रंथालयात काढली. आधी तालिकीकरण म्हणजे पुस्तकांची सूची करणं, मग ग्रंथखरेदी आणि शेवटची काही वर्षं जुन्या साठ्याची छाननी. पुस्तक आत कसं येतं, आत आल्यावर कुठे बसतं आणि बाहेर कसं जातं, हे तिन्ही मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या मार्गदर्शकांचं वाक्य मी चांगल्या चांगल्या अभ्यासकांच्या तोंडून ऐकलं आहे. जे मोलाचं लिहिलं गेलं ते गाळून, पारखून शेवटी ग्रंथालयात येतंच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आत काम केलेल्या माणसाला हे पटणं कठीण आहे.

"सापडलं नाही" या दोन शब्दांच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. ते लिहिलंच गेलं नसेल. लिहिलं गेलं, पण ग्रंथालयाने घेतलं नसेल. घेतलं, पण तुम्ही शोधणार नाही अशा जागी ठेवलं असेल. किंवा एके काळी होतं आणि नंतर काढून टाकलं असेल. प्रत्येकाचा माग वेगळ्या ठिकाणी निघतो. चार महिन्यांत तुम्ही बहुधा पहिल्या शक्यतेचीच परीक्षा घेत होतात, तीही ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या सूचीत, शब्द टाकून. तुमच्या बाबतीत यातलं नेमकं काय झालं असेल, हे तुमचा कालखंड कोणता, भाषा कोणती, ग्रंथालय किती जुनं, खरेदी कोणाच्या पैशातून होत आली आणि जुनी तालिका संगणकावर पूर्ण चढली आहे का, यांवर अवलंबून आहे. हे माहीत नसताना मी ठाम सांगू शकत नाही. विचार कसा करायचा ते मात्र सांगते.

आधी पुस्तक आत येण्याबद्दल, कारण बराचसा इतिहास तिथेच घडतो.

विद्यापीठांची सुरुवातीची ग्रंथालयं खरेदीतून उभी राहिलेली नाहीत, ती मृत्युपत्रांतून उभी राहिली आहेत. पॅरिसच्या सोर्बोन महाविद्यालयाच्या १३३८ सालच्या यादीत १७२२ ग्रंथ आहेत. त्या काळाच्या मानाने तो प्रचंड संग्रह होता. तो जमला तिथे शिकलेल्या, शिकवलेल्या धर्मशास्त्र्यांनी आपापली पुस्तकं मागे ठेवली म्हणून. साहजिकच त्यात धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान भरपूर, आणि भाषा जवळपास सर्वत्र लॅटिन. सर्वांना लागणारे ग्रंथ मेजाला साखळीने बांधून ठेवत, बाकीचे सभासदांना बाहेर नेता येत. तीनशे वर्षांनी, १६३८ साली, हार्वर्डच्या ग्रंथालयाचा पाया घातला गेला तोही एका तरुण धर्मोपदेशकाने मागे ठेवलेल्या सुमारे ४०० पुस्तकांनी. देणाऱ्याच्या घरात जे होतं तेच विद्यार्थ्याच्या हाताशी आलं. हे कोणी कट करून केलेलं नाही, पण परिणाम व्हायचा तो झालाच.

ऑक्सफर्डची गोष्ट याहून बोलकी आहे. सर टॉमस बॉडली यांनी तिथलं ओस पडलेलं ग्रंथालय पुन्हा उभं केलं आणि १६०२ साली ते उघडलं. १६१० साली त्यांनी लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशी करार केला की छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ऑक्सफर्डला यावी. आता सगळंच येणार असं वाटतं ना? पण नाटकं, पंचांगं, जाहीरनामे असलं किरकोळ साहित्य आपल्या ग्रंथालयात नको, असं बॉडलींनी आपल्या ग्रंथपालाला लिहून कळवलं होतं. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३चा मोठा संग्रह आला, बांधून घेतला गेला, साखळीला लागला आणि विद्यार्थ्यांनी वाचलाही. १६६०च्या दशकात नवी आवृत्ती आली, तेव्हा जुनी प्रत अनावश्यक ठरून विकली गेली. १९०५ साली एक विद्यार्थी आपल्या घरची जुनी प्रत बांधणीबद्दल सल्ला घ्यायला घेऊन आला, आणि तिथल्या माणसांनी बांधणीवरून ओळखलं की ही आपलीच. ती परत घ्यायला १९०६ साली ३००० पौंड जमवावे लागले. त्या प्रतीत रोमिओ आणि ज्युलिएटची पानं विद्यार्थ्यांच्या हातांनी सर्वांत जास्त झिजलेली आहेत. ज्याला संस्थापक किरकोळ म्हणत होते, तेच वाचक झिजेपर्यंत वाचत होते. खरेदीच्या बैठकीत बसण्यापूर्वी मी ही गोष्ट नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे.

बॉडलींच्या याच ग्रंथालयाचे, बॉडलियनचे, पहिले ग्रंथपाल टॉमस जेम्स. रोमन चर्चने निषिद्ध ठरवलेल्या पुस्तकांच्या याद्या एकत्र करून त्यांनी १६२७ साली छापल्या. उद्देश असा की आपल्या ग्रंथालयाने काय मिळवून ठेवावं ते कळावं. एकाची बंदीची यादी दुसऱ्याची खरेदीची यादी झाली. संग्रहामागे भूमिका असते याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

देणगीवर विसंबणं सुटलं ते गटिंगेनमध्ये. जर्मनीतलं हे विद्यापीठ १७३०च्या दशकात सुरू झालं. त्याने दोन गोष्टी केल्या: ग्रंथखरेदीसाठी दरवर्षी नियमित पैसा ठेवला, आणि सर्व विषयांत, सर्व देशांतलं नवं लेखन पद्धतशीर मागवायला सुरुवात केली. क्रिस्टियान गॉटलोब हाइने १७६३पासून १८१२मध्ये मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं ग्रंथालय सांभाळत होते. त्या काळात संग्रह दोन लाखांच्या घरात गेला. विद्यापीठाच्या परीक्षण-पत्रिकेत नव्या पुस्तकांची चर्चा व्हायची आणि पुस्तकं ग्रंथालयात यायची, असं हे चक्र एकमेकाला धरून फिरत होतं. प्राध्यापकाला घरचा संग्रह पुरेसा वाटण्याचे दिवस संपले, आणि मूळ साधनं समोर ठेवून विद्यार्थ्याने स्वतः काही शोधून काढायचं, ही आजच्या पीएच.डी.मागची कल्पना अशा ग्रंथालयांशिवाय रुजली नसती. म्हणून संग्रह ज्ञान घडवतो असं मी म्हणते तेव्हा केवळ तक्रार म्हणून म्हणत नाही. तो दारं उघडतोही.

पैशाने दार उघडण्याचं आणखी एक उदाहरण आपल्या भाषेशी जोडलेलं आहे. अमेरिकेच्या १९५४च्या पी.एल. ४८० या कायद्याखाली अतिरिक्त धान्य इतर देशांना त्यांच्याच चलनात विकलं गेलं. १९५८च्या दुरुस्तीने त्या पैशातून तिथली पुस्तकं घेण्याची वाट मोकळी झाली. १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यंत्रणेमार्फत मराठी, तमिळ, बंगाली अशा भाषांतली पुस्तकं आणि मासिकं निवडक अमेरिकी विद्यापीठांकडे नियमित जाऊ लागली. तिथले दक्षिण आशियाचे अभ्यासविभाग त्या पुस्तकांच्या आधाराने वाढले. धान्याचा व्यवहार झाला नसता तर ते विषय तिथे एवढे बहरले नसते. एखादी भाषा कोणत्या विद्यापीठात शिकवली जाईल, तिच्यावर प्रबंध कुठे लिहिले जातील, हे असं भलत्याच खात्यातल्या निर्णयावर ठरलेलं असतं.

आजचं चित्र थोडक्यात सांगते. बहुतेक मोठी ग्रंथालयं एकेक पुस्तक निवडत नाहीत. विक्रेत्याला विषय, प्रकाशक, भाषा असे निकष देतात आणि त्यात बसणारं तो पाठवत राहतो. त्यामुळे शंभर ग्रंथालयांत तीच पुस्तकं दिसतात आणि लहान प्रकाशकाचं पुस्तक एकाही ठिकाणी नसतं. नियतकालिकांची १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गठ्ठ्याने वर्गणी भरली जाते. गठ्ठ्यात काय असावं ते प्रकाशक ठरवतो, ग्रंथालयाच्या हाती मालकी न राहता फक्त वापराचा परवाना येतो, आणि त्याची रक्कम भरून उरलेल्या पैशात पुस्तकं बसवावी लागतात. खरेदी विभागात असताना दरवर्षी मी आधी हीच वजाबाकी करायची.

आता पुस्तक आत आल्यावर बसतं कुठे? इथे तुमच्या विषयाला थेट धक्का लागलेला आहे.

ड्युई दशांश वर्गीकरण १८७६ साली आलं. प्रत्येक पुस्तकाला विषयाप्रमाणे अंक आणि अंकाप्रमाणे मांडणीवर जागा. सोय मोठी, पण एका पुस्तकाला जागा एकच. शिवाय अंक कशाला किती द्यायचे हे करणाऱ्याच्या जगावर ठरतं. धर्माच्या विभागात २२० ते २८० हे सगळे अंक ख्रिस्ती धर्माचे आणि जगातले बाकी सगळे धर्म २९०मध्ये दाटीवाटीने, ही मूळ रचना होती. सुईणीचं काय होतं ते बघा. प्रसूतिशास्त्र ६१८.२मध्ये, वैद्यकाच्या मांडणीवर. जन्माच्या चालीरीती ३९२.१मध्ये. लोकसमजुती आणि लोककथा ३९८मध्ये. स्त्रियांविषयीचा समाजशास्त्रीय अभ्यास ३०५.४मध्ये. एकाच बाईच्या हातातलं एक ज्ञान चार दालनांत वाटलं गेलं, बऱ्याच इमारतींत तर चार मजल्यांवर. आणि त्यातल्या फक्त पहिल्या जागेला शास्त्र म्हटलं जातं. तिथे तिच्याविषयी बोलणारा बहुधा डॉक्टर असतो. मांडणीसमोर उभं राहून शेजारची पुस्तकं चाळणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय एकसंध दिसण्याची सोयच नाही.

हे बदलता येतं, हे डोरोथी पोर्टर यांनी दाखवून दिलं. त्या अमेरिकेतल्या हॉवर्ड या काळ्या विद्यार्थ्यांसाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठात १९३०पासून १९७३पर्यंत ग्रंथपाल होत्या. इतर ग्रंथालयं काळ्या लेखकांचं जवळपास काहीही ३२६मध्ये म्हणजे गुलामगिरीत किंवा ३२५मध्ये म्हणजे वसाहत-स्थलांतरात टाकत. कवितासंग्रह असला तरी तिथेच. पोर्टर यांनी ते मानलं नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, अशी त्यांनी आपल्या संग्रहाची रचना केली, आणि लेखक, प्रकाशक, जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांच्याकडे मागून मागून तो वाढवला. तिथून पुढच्या पिढ्यांच्या अभ्यासाला उभं राहायला जागा मिळाली. तालिकीकरणाचं काम कारकुनी समजणाऱ्यांना मी पोर्टर यांचं नाव सांगते.

आणि आता पुस्तक बाहेर जाण्याबद्दल. हे लिहायला मला जड जातं.

आमच्याकडे निर्लेखनाची, म्हणजे साठ्यातून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी तयार होत होती. निकष साधा होता: बारा वर्षांत एकदाही देवघेव नाही आणि पानं पन्नासपेक्षा कमी. त्या यादीत सुईणींच्या प्रशिक्षणासाठी छापलेल्या पातळ पुस्तिका होत्या. टाचण्या गंजलेल्या, रेषाचित्रं भरपूर, लेखकाचं नाव नाही. एकीच्या समासात कोणीतरी शाईने लिहिलं होतं, "हे असे करत नाहीत." मी ते वाचलं, क्षणभर थांबले, आणि तरी सही केली. तीन वर्षांनी एक संशोधक नेमक्या त्याच पुस्तिका विचारत आल्या. तोवर त्या रद्दीत गेल्या होत्या. समासातली ती ओळ कोणत्या बाईची होती हे आता कधीच कळणार नाही. तुमचा प्रश्न वाचून मी लगेच लिहायला बसले ते यामुळे.

निकष मूर्खपणाचा नव्हता, हेही सांगायला हवं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तकं पुढच्या सहा-सात वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. जागा मर्यादित, नवी पुस्तकं येतच राहतात, काढावं तर लागतंच. चूक झाली ती देवघेवीच्या आकड्यालाच उपयोग समजण्यात. वाचनकक्षात बसून वाचलेल्याची नोंद तारखेच्या चिठ्ठीवर पडत नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं "प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक" हे सूत्र आम्हाला पाठ होतं. वाचक यायला बारापेक्षा जास्त वर्षं लागू शकतात, एवढंच त्या यादीत बसलं नव्हतं.

तर तुम्ही काय करायचं.

दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमाने नोंदवायची वही, मागा. कापडी बांधणीची, आडवी, जड वही असते. रकाने ठरलेले: तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, कोणाकडून, किंमत, शेरा. ती पुस्तक वाचावं तशी वाचा, पण "कोणाकडून" या रकान्यावर बोट ठेवून खाली या. वर्षानुवर्षं तीच दोन-तीन विक्रेत्यांची नावं दिसतील. मग अचानक एकाच तारखेला दीडशे-दोनशे नोंदी "देणगी" म्हणून. तिथे थांबा. खाजगी संग्रहात ग्रंथालयाने एरवी घेतलं नसतं असं खूप काही येतं. मग शेऱ्याचा रकाना. लाल शाईत "बाद" किंवा "निर्लेखित" असं असेल तर शीर्षक उतरवून घ्या. ग्रंथालयात आता नसलेलं पुस्तक कधीतरी अस्तित्वात होतं याचा तो पक्का पुरावा आहे, आणि दुसऱ्या ग्रंथालयाकडे ते नावाने मागता येतं.

दुसरं, बांधीव संकलनं. दहा-बारा पातळ पुस्तिका एकत्र बांधायच्या आणि तालिकेत फक्त पहिल्या पुस्तिकेचं नाव घालायचं, ही जुनी पद्धत. मी स्वतः असा एक खंड उघडला होता. पुठ्ठ्यावर "आरोग्यविषयक पुस्तिका", तालिकेत पटकीवरच्या एका पुस्तिकेचं नाव, आणि आत अकरा. सातवी बाळंतपणावरची होती. ओपॅकवर ती शंभर वर्षं शोधली असती तरी सापडली नसती. जुन्या वैद्यक विभागातले जाड, शीर्षक मोघम असलेले खंड एकेक करून उघडा. जुनी कार्डं अजून ठेवली असतील तर तीही बघा. संगणकावर चढवताना कमी वापरातली कार्डं मागे राहिलेली असतात.

तिसरं, आणि मार्गदर्शकांना पटवायला हेच सर्वांत उपयोगी. तुमच्या विषयावरच्या तीन चांगल्या आधुनिक ग्रंथांच्या संदर्भसूचीतून मूळ साधनांची पन्नास शीर्षकं काढा. त्यातली किती तुमच्या ग्रंथालयात आहेत ते मोजा. संग्रह किती खोल आहे हे तपासायला आम्ही हीच रीत वापरतो. पन्नासातली चाळीस निघाली, तर मार्गदर्शकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आठ निघाली, तर तुम्हाला जे मौन ऐकू आलं ते ग्रंथालयाचं होतं. आकडा घेऊन बोलायला गेलात की चर्चेचा सूर बदलतो.

कारण लिहिलं गेलेलंच नाही, असं तर नक्की नाही. फ्रान्सच्या लुईझ बूर्ज्वा यांचं पुस्तक १६०९ सालचं, इंग्लंडच्या जेन शार्प यांचं १६७१चं, जर्मनीच्या युस्टिन सीगेमुंड यांचं १६९०चं. तिघी स्वतः सुईणी, आणि तिघींनी लॅटिन सोडून आपापल्या बोलत्या भाषेत लिहिलं. लॅटिन जमवणाऱ्या संस्थांच्या नजरेत असं लेखन सहज भरणार नव्हतं.

काही गोष्टी मात्र खरोखरच कागदावर आल्या नाहीत, हेही मान्य करा. सुईणीचं पुष्कळसं ज्ञान हातात होतं. फ्रान्सच्या अँजेलिक द्यु कूद्रे यांना १७५९ साली राजाने गावोगावी शिकवायला नेमलं. पुस्तक त्यांनी लिहिलंच, पण शिकवताना त्या कापडाची शिवलेली, खऱ्या आकाराची गर्भवतीची प्रतिकृती वापरत. त्यातली एक आज रूआँच्या संग्रहालयात आहे. पुस्तक ग्रंथालयात गेलं, प्रतिकृती संग्रहालयात, आणि ती हाताळताना बोललेलं कुठेच नाही. अशी जागा आली की प्रबंधात तसं लिहा, पण "साहित्य उपलब्ध नाही" या ठोकळ वाक्याने नको. कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या वर्गांकांखाली, कोणत्या शब्दांनी, कोणत्या तारखेपर्यंत शोधलं ते नोंदवा. पुढच्या माणसाचे चार महिने वाचतील.

सुरुवात ६१८.२पासून करू नका, तिथे तुम्ही आधीच जाऊन आला असाल. ३९२.१ला जा, मग नोंदवहीकडे. संदर्भ विभागातल्या सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला विचारा, निर्लेखनाच्या याद्या कोणत्या कपाटात आहेत. त्या बहुतेक वेळा फेकलेल्या नसतात.